संदर्भनोंद : उपचार की पुरावा?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतील निबंधांत आणि विद्यापीठांना सादर होणाऱ्या प्रबंधांत संदर्भनोंद हा बहुधा अखेरीस उरकावयाचा भाग मानला जातो. लेखन पूर्ण झाले, की टिपांचे आकडे टाकावयाचे व शेवटी ग्रंथसूची जोडावयाची, अशी रीत दिसते. अशा टिपा दिसावयास नेटक्या असतात. परंतु त्यांचा मूळ हेतू दुरावतो. संशोधकाने जे वाचले तेच, त्याच ठिकाणी, वाचकाला पडताळून पाहता यावे, हा तो हेतू होय. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात त्याला विशेष महत्त्व आहे. कारण येथे एकाच ग्रंथाच्या अनेक संहिता प्रचलित आहेत.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हा ग्रंथ शके 1212 मध्ये (इ.स. 1290) सिद्ध झाला. शके 1506 मध्ये (इ.स. 1584) एकनाथांनी त्याची पाठशुद्धी केली. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये, आपल्याला मिळालेली पोथी एकनाथपूर्व आहे असे मानून, तिच्या आधारे वेगळी संहिता प्रसिद्ध केली. या परंपरांमध्ये शब्दरूपे ठिकठिकाणी भिन्न आहेत. ओव्यांची संख्याही सर्व प्रतींत एक नाही. अशा स्थितीत यादवकालीन मराठीच्या विभक्तिरूपांवर लिहिणाऱ्याने उदाहरणे पारायणाच्या प्रतीतून घेतली आणि टिपेत केवळ ग्रंथनाम, अध्याय व ओवी एवढेच दिले, तर काय घडते? प्रतिपादन तेराव्या शतकाचे, आणि पुरावा मात्र कदाचित सोळाव्या शतकातील संस्काराचा, असा विसंवाद निर्माण होतो. टिपेत संहितेचा निर्देश नसल्याने तो परीक्षकाच्याही ध्यानात येत नाही. येथे सदोष टीप निष्कर्षालाच बाधक ठरते.

तुकारामांच्या गाथेविषयीही हेच म्हणता येते. इंदुप्रकाश छापखान्याने काढलेली गाथा 1873 मध्ये पूर्ण झाली, तर मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेली गाथा 1950 ची. याखेरीज सांप्रदायिक गाथा अनेक आहेत आणि अभंगांचा क्रम व क्रमांक सर्वत्र सारखे नाहीत. म्हणून ‘तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक’ ही नोंद अपुरी होय. संपादक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष दिल्यावरच त्या क्रमांकाला अर्थ येतो.

अर्वाचीन वाङ्मयात प्रश्नाचे स्वरूप बदलते. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी कविता ‘आरती प्रभु’ या नावाने, तर कादंबऱ्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केल्या. ग्रंथावर छापलेले नाव टिपेत द्यावे आणि सूचीत एका नावाकडून दुसऱ्याकडे निर्देश करावा, हे इष्ट. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (1947) या संग्रहाची चर्चा करताना अवतरणे 1959 च्या ‘मर्ढेकरांची कविता’ या एकत्रित संग्रहातून घेतली असतील, तर दोन्ही वर्षे स्पष्ट नोंदवावीत. पहिले वर्ष वाङ्मयेतिहासाचे, दुसरे पृष्ठांकाचे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील भेदही याच कारणास्तव पाळावा.

कालनिर्देशातही दक्षता हवी. शकात सरसकट 78 मिळविणे धोक्याचे आहे. कारण पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो व पुढील महिन्यांसाठी 79 मिळवावे लागतात. तुकारामांचे निर्याण परंपरेने शके 1571, फाल्गुन वद्य द्वितीया या दिवशी मानले जाते. 78 मिळवून येणारे 1649 हे वर्ष येथे चुकीचे ठरते. तो फाल्गुन 1650 मध्ये येतो.

‘तत्रैव’ आणि ‘उनि’ या संज्ञा सोयीच्या असल्या, तरी अंतिम प्रत सिद्ध होईपर्यंत त्या वापरू नयेत. मध्ये एक नवी टीप आली, की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. त्याचप्रमाणे मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतले असल्यास ‘उद्धृत’ असे लिहून त्या पुस्तकाचा पृष्ठांक द्यावा. यात कमीपणा नाही. न पाहिलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक देणे हा मात्र प्रामाणिकपणाचा भंग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनंतर प्रबंधांची साम्यतपासणी संगणकाद्वारे होऊ लागली. ही तपासणी उचललेला मजकूर दाखवू शकते; परंतु चुकीची संहिता, न पाहिलेला ग्रंथ किंवा भरकटलेले ‘तत्रैव’ तिच्या कक्षेत येत नाही. तेथे अभ्यासकाची शिस्त हाच एक उपाय उरतो. वाचन चालू असतानाच, अवतरण उतरवून घेताना, त्याच कागदावर संपादक, आवृत्ती, वर्ष व पृष्ठांक नोंदविणे ही त्या शिस्तीची पहिली पायरी होय. टिपांची मांडणी विद्यापीठागणिक बदलेल. उद्या दुसरा अभ्यासक ग्रंथालयात जाऊन तेच पान उघडू शकेल काय, ही कसोटी मात्र सर्वत्र एकच राहते.