पार्टनर गेला, आता पुढे काय? एका ड्रमरची गोष्ट



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ही गोष्ट इथे नीट सांगतो. रॉक म्युझिक ऐकत नसाल तरी चालेल, मीही फारसं ऐकत नाही. धंदा म्हणून बघा.

अमेरिकेतल्या 'निर्वाणा' बँडमध्ये १९९० साली डेव्ह ग्रोल ड्रमर म्हणून आला. १९९१ ला 'नेव्हरमाइंड' अल्बम निघाला आणि बँडचं जगभर नाव झालं. पण बहुतेक गाणी कर्ट कोबेनची, आवाज त्याचा, चेहराही त्याचाच. एप्रिल १९९४ मध्ये कोबेनने आत्महत्या केली आणि बँड संपला. ग्रोल तेव्हा २५ वर्षांचा होता.

आपल्याकडे नाही का, दुकान दोघांचं असतं, पण गिऱ्हाईक एकालाच ओळखतं? तो एक गेला की दुसऱ्याला वाटतं, आपलं काय उरलं?

ग्रोलकडे उरलं होतं. निर्वाणात असतानाच तो गुपचूप स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. १९९२ मध्ये 'लेट' या टोपणनावाने त्याने एक छोटी कॅसेटसुद्धा काढली होती. म्हणजे चालू कामाला धक्का न लावता स्वतःचा माल तपासून बघितला.

ऑक्टोबर १९९४ मध्ये तो सिएटलच्या एका स्टुडिओत गेला आणि साधारण आठवड्याभरात नवी गाणी रेकॉर्ड केली. गाणं, गिटार, बेस, ड्रम, जवळजवळ सगळं एकट्याने. मग शंभरेक कॅसेट काढून ओळखीत वाटल्या. त्यावर स्वतःचं नाव टाकलं नाही, 'फू फायटर्स' टाकलं, जणू चार-पाच जणांचा बँडच आहे. (एकट्याने धंदा चालवून पत्रात 'आम्ही' लिहिणाऱ्यांनी हसू नये!)

याच सुमारास टॉम पेटी या मोठ्या गायकाने त्याला आपल्या बँडमध्ये ड्रमर म्हणून यायला विचारलं. पक्की नोकरी समजा. नोव्हेंबरमध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्याने पेटीबरोबर वाजवलं, पण कायमचं जाणं नाकारलं. गेला असता तर पुन्हा दुसऱ्याच्या मागे ड्रम वाजवत बसला असता.

१९९५ च्या जुलैमध्ये पहिला अल्बम आला. आता हे नीट वाचा. लेबल त्याचं स्वतःचं, 'रॉसवेल'. वितरण 'कॅपिटॉल' या बड्या कंपनीचं. माल आपला, गाडी त्यांची. पहिलीच ऑर्डर आली म्हणून आपल्या ब्रँडचं नाव दुसऱ्याला लिहून देणारे कितीतरी जण मी बघितलेत.

सगळं बरोबरच केलं असं मात्र नाही. बँडसाठी घेतलेला ड्रमर विल्यम गोल्डस्मिथ. दुसऱ्या अल्बमच्या वेळी ग्रोलला त्याचं काम पटलं नाही, म्हणून त्याने बहुतेक ड्रम स्वतःच पुन्हा वाजवले. गोल्डस्मिथ दुखावला आणि १९९७ मध्ये बँड सोडून गेला. गाणी चांगली झाली असतील, पण माणूस गेला. ज्या कामात आपण स्वतः उस्ताद असतो, तेच दुसऱ्याच्या हाती देणं सगळ्यात अवघड जातं, हे मी माझ्या ट्रेनिंगमध्ये रोज बघतो. गोल्डस्मिथच्या जागी टेलर हॉकिन्स आला आणि २०२२ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तोच ड्रमर राहिला. ग्रोल पुढे उभा राहून गात राहिला.

आजचा गृहपाठ: वहीत दोन रकाने करा. पार्टनर उद्या नसेल तर मला काय काय येतं, ते एकात. मी स्वतः करत बसतो पण दुसऱ्याला द्यायला हवं, ते दुसऱ्यात. पुढच्या व्हिडिओत पार्टनरशिप मोडताना हिशोब कसा करायचा ते घेऊ, तेव्हा वही जवळ असू द्या.