*सोयाबीन: वाण रान बघून, युरिया गाठी बघून*



✅ *वाण:* हलक्या-मध्यम रानात लवकर येणारं जेएस 93-05 (90-95 दिवस). भारी, ओल धरणाऱ्या रानात फुले संगम (100-105 दिवस). हे मुळातच जोमदार, जादा नत्राने माजून लोळतं.

✅ *पेरताना:* एकरी डीएपी 1 बॅग. त्यातलं 9 किलो नत्र सुरुवातीला पुरे. बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम चोळा, सावलीत सुकवा.

✅ *30-35 दिवसांनी:* पीक पिवळं दिसलं म्हणून लगेच युरिया फेकू नका. झाड अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर पीक हवेतलं नत्र घेतंय. मग साचलेलं पाणी, लोहाची कमतरता तपासा.

शंका असेल तर पानांचा, मुळांचा फोटो पाठवा. मगच खताला हात घाला.