धनुष्य विकत घेण्याआधी

तू पाठवलेलं ते धनुष्य मी नीट बघितलं. चीज उत्तम आहे, पण तुझ्या कामाची नाही. आफ्रिकेच्या माळावर कुडू, गेम्सबॉक, झेब्रा टिपायला जाणाऱ्या शिकाऱ्यासाठी ती बनवलेली आहे आणि तू उभा राहणार आहेस पन्नास मीटरवरच्या कागदी टार्गेटपुढं. दोन्हींना कंपाउंडच म्हणतात, दोन्हींना टोकांवर कॅम, म्हणजे फिरती चाकं, आणि केबली असतात आणि इंटरनेटवरचा दुकानदार दोन्ही शेजारी शेजारी मांडतो. म्हणून पैसे भरायच्या आधी माझं ऐकून घे.

शिकार आपल्या कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात माळावरच्या काळविटांवर पाळलेले चित्ते सोडायचे. देशातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. दाजीपूरचं रान संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, तेच आजचं राधानगरी अभयारण्य. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर हा सगळा अध्याय मिटला, आणि मिटला ते चांगलंच झालं. आज रानातला ससा मारला तरी गुन्हा आहे, काळवीट तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळं त्या धनुष्याबरोबर ‘मोफत’ म्हणून दाखवलेली रुंद पात्यांची टोकं, ब्रॉडहेड म्हणतात ती, घरात आणायचीच नाहीत. टार्गेटच्या मॅटच्या चिंध्या होतात, कुठलाही प्रशिक्षक ती मैदानावर चालू देणार नाही, आणि वस्तऱ्याच्या धारेची ती पाती पोरं असलेल्या घरात कशाला हवीत?

तरी त्या शिकाऱ्यांची निवड समजून घे, कारण त्यातून आपली निवड स्पष्ट होते. सफारीवरचा धनुर्धारी बहुतेक वेळा पाणवठ्याजवळच्या लपणात बसून वाट बघतो. जनावर वीस-पंचवीस मीटरवर येतं, एकच बाण सुटतो. लपणात जागा कमी, म्हणून त्याचं धनुष्य आखूड, कॅमपासून कॅमपर्यंत तीस-तेहेतीस इंच. तिकडच्या मोठ्या हरणांचं अंग जाड, म्हणून ओढ साठ-सत्तर पौंडांची. बाण वजनदार, नामिबियात तर मोठ्या जनावरांसाठी बाण किमान 450 ग्रेनचा, म्हणजे साधारण 29 ग्रॅमचा असावा असा नियमच आहे. हलका बाण जोरात सुटतो, पण हाडाला लागला की तिथंच त्याचा दम संपतो. जड बाण सावकाश जातो, पण आत शिरतो. जनावर जखमी होऊन पळालं तर दक्षिण आफ्रिकेत ते मारल्याच्याच हिशेबात धरून त्याची पूर्ण रक्कम घेतात. जाणता शिकारी पैशापेक्षा त्या जनावराच्या हालांना भितो, म्हणून सामान निवडताना तो वेगाच्या आकड्याला भुलत नाही.

तू मात्र नेमका त्या आकड्यालाच भुललास. जाहिरातीत लिहिलेला सेकंदाला 340 फुटांचा वेग 70 पौंड ओढ, 30 इंच ड्रॉ लेंग्थ (म्हणजे दोरी ओढायची लांबी) आणि 350 ग्रेनचा बाण लावून मोजलेला असतो. तुझी ड्रॉ लेंग्थ तीस इंचांची असणार नाही. ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की वेग साधारण दहा फुटांनी उतरतो, पौंड कमी केले की आणखी उतरतो. शिवाय असला वेग मिळवायला कॅम आक्रमक ठेवतात आणि दोरी मुठीच्या जवळ आणतात. मग मनगट किंचित हललं तरी बाण भरकटतो. टार्गेटसाठी छत्तीस ते चाळीस इंच लांबीचं, दोरी मुठीपासून सात इंचांच्या आसपास असलेलं धनुष्य बघ. ते हातात स्थिर राहतं आणि छोट्या चुका पोटात घालतं. आणखी एक, तू निवडलेला रंग रानातल्या पानाफांद्यांचा आहे. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत कॅमोफ्लाज सामान चालत नाही. म्हणजे एवढा खर्च करून लाइनीवर गेलास की परत पाठवतील.

आता खरेदीची सुरुवात कुठून करायची ते सांगतो. आधी डोळा. दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेव, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ आणि एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीतच राहतं तो तुझा मुख्य डोळा. धनुष्य उजवं घ्यायचं की डावं, हे आधी यावरून बघायचं. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मुख्य, असं असेल तर प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नको.

मग माप. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सरळ पसर, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात मोज आणि त्याला अडीचनं भाग. 68 इंच आले तर सव्वासत्तावीसच्या आसपास तुझी ड्रॉ लेंग्थ. हा अंदाज झाला. अर्ध्या इंचाचा फरक ओढून बघितल्यावरच कळतो. कंपाउंडमध्ये हे माप फार महत्त्वाचं, कारण कॅम ठरलेल्या जागी येऊन थांबतो, कॅम नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यासारखं थोडं मागंपुढं चालत नाही. लांब धनुष्य घेतलं की मान मागं जाते, खांदा वर चढतो, आणि मग सगळे म्हणतात पोराचं तंत्र चुकतंय. तंत्र नाही, माप चुकलेलं असतं.

आता पौंड. इथं आपल्या गावाची एक खोड आडवी येते. तालमीत वाढलेल्या, जोर-बैठका मारणाऱ्या पोराला वाटतं, मला काय जड, द्या साठ पौंड. नियमाप्रमाणं कंपाउंडला कमाल साठच पौंड चालतात, पण कमाल म्हणजे सुरुवात नव्हे. धनुष्य ओढायला पाठीतले, खांद्याच्या पात्याजवळचे स्नायू लागतात. दंडाच्या ताकदीवर ओढलेलं धनुष्य खांदा बिघडवतं आणि बिघडलेला खांदा वर्षाचा मोसम घेऊन जातो. पात्रता फेरीत 72 बाण मारायचे असतात, त्याआधी सरावाचे, त्यानंतर सामन्यांचे. पहिला बाण कुणालाही ओढता येतो. सत्तरावा बाण पहिल्यासारखा ओढता आला पाहिजे.

त्याची परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीपासून उचल, धनुष्य टार्गेटच्या उंचीवर धर आणि आभाळाकडं न नेता सरळ मागं ओढ. अंगाला झटका द्यावा लागला तर पौंड जास्त आहेत. सफारीचे शिकारीही हेच करून बघतात, कारण लपणात बसून, आवाज न करता, जनावराच्या नजरेला न येता त्यांना ओढायचं असतं. पूर्ण ओढल्यावर कंपाउंड पासष्ट ते पंच्याऐंशी टक्के भार सोडून देतं, त्यामुळं धरून ठेवणं हलकं वाटतं. पण तिथवर पोचायला पूर्ण पौंड पार करावेच लागतात. तू पस्तीस-चाळीसवर सुरू कर. त्याच लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्यांवर, पन्नासपर्यंत जाता येईल असं धनुष्य घे, म्हणजे दुसऱ्यांदा खर्च नाही.

पैशाची वाटणी करताना लोक सगळे पैसे धनुष्यावर घालतात आणि बाण उरलेल्या पैशात बसतील ते घेतात. हे साफ उलटं आहे. मधल्या किमतीचं धनुष्य आणि जुळलेले बाण घेऊन पोरं पुढं जातात. महागडं धनुष्य आणि मिळेल तो बाण, अशी जोडी घेऊन अडकतात. बाणावर 500, 600 असा आकडा असतो, तो स्पाइन. 28 इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या दांडीवर साधारण 880 ग्रॅम वजन टांगलं की ती इंचाचे किती हजारांश वाकते, तो हा आकडा. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ. तुझे पौंड, तुझी ड्रॉ लेंग्थ, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन या चौघांवर स्पाइन ठरतो. कंपनीच्या तक्त्यात ते बघायचं. पौंड वाढवलेस की तक्ता परत उघडायचा.

बाणाचं वजन दर पौंडामागं पाच ग्रेनच्या खाली कधी नको. चाळीस पौंडांना दोनशे ग्रेन ही शेवटची हद्द; तू तिच्या बऱ्यापैकी वरच राहा. त्याहून हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखं, आणि रिकामी दोरी तर जन्मात सोडायची नाही. बाणाशिवाय दोरी सुटली की सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो. लिंब तडकतात, केबल तुटते, डोळा जाऊ शकतो. घरी पाहुणा आला आणि ‘बघू जरा ओढून’ म्हणाला, तर नाही म्हणायचं. मोठा असला तरी नाही म्हणायचं.

नव्या खेळाडूचे बाण थोडे लांब ठेव, बाण टेकतो त्या रेस्टच्या पुढं दोनेक इंच. बाण आखूड पडून रेस्टवरून आत घसरला आणि सुटला तर हातात घुसतो. कार्बनचा बाण दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला लागला की दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा, फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. करकर आली की मोडून टाकायचा. किंमत आठवून ठेवून द्यायचा नाही. लक्षात घे, कंपाउंडचा दहाचा गोल फक्त आठ सेंटिमीटरचा असतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण त्यात घातले, 150 पैकी 150, आणि जगज्जेता झाला. त्याच दिवशी आपल्या जवळच्याच साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. पंधराच्या पंधरा बाण एकसारखे असल्याशिवाय असलं काही होत नाही.

दोरी सोडायचा रिलीजर मनगटाचा घ्यायचा की हातात धरायचा, हे मैदानावरच्या पोरांचे दोन-तीन वापरून ठरव. तर्जनीनं ट्रिगर ओढणाऱ्याला पुढं झटका मारायची सवय लागते, म्हणून माझं मत अंगठ्याच्या रिलीजरकडं. साइटला भिंग आणि पाणसळ असलेली टार्गेटची घे. शिकारीच्या साइटला वेगवेगळ्या अंतरांसाठी चार-पाच रंगीत पिना असतात, त्या तुला निरुपयोगी. स्टॅबिलायझर सुरुवातीला साधा चालतो. आर्मगार्ड आणि चेस्टगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून.

आपल्याकडचा पावसाळा विसरू नको. जूनपासून चार महिने दोरीला मेण नियमित लागलं पाहिजे, नाहीतर धागे फुलतात. पिसांचे बाण भिजून लोळतात, प्लास्टिकचे व्हेन घे. सरावानंतर धनुष्य कोरडं पुसून, किट उघडी ठेवून वारा लागू दे. ओल्या किटमध्ये स्क्रू गंजतात. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट जप: बंद गाडीत, उन्हात धनुष्य ठेवायचं नाही. उष्णतेनं दोरी ताणते, तिच्यातला नेम धरायचा पीप फिरतो, लिंबांचे थर सुटायला लागतात. दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारा बो-प्रेस लागतो. ते काम घरी पक्कड घेऊन करायचं नाही. म्हणून घेण्याआधी विचार, की या धनुष्याची दोरी, केबल आणि कॅमचे सुटे भाग कोण देणार, किती दिवसांत देणार. परदेशातून मागवलेल्या वस्तूचा एक छोटा भाग अडला की ऐन स्पर्धेच्या तोंडावर धनुष्य खुंटीला लागतं.

तुझ्या धाकट्या बहिणीचं वेगळं आहे. तिची उंची अजून वाढतेय. तिला पुढं तुझं जुनं झालेलं धनुष्य देऊ, हा तुझ्या बाबांचा विचार काटकसरीचा असला तरी चुकीचा आहे. तिला आधी इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य द्या. त्यात तीस आणि पन्नास मीटरच्या स्पर्धा होतात, खर्च कमी, आणि रिलीजर वगैरे काही नसल्यानं पाठ, खांदा, हनुवटी सगळं जागच्या जागी बसतं. वाढ थांबत आली की कंपाउंड घेऊ, तेव्हाही ड्रॉ लेंग्थ आणि पौंड दोन्ही बरेच बदलता येतील असंच. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येतेय, त्यामुळं आता घरोघरी आई-बाप कंपाउंडच मागतील. आपण घाई करायची नाही. अदितीचे वडील शिक्षक. मुलीच्या सामानासाठी त्यांनी कर्ज काढलं, पण ते तिचा खेळ डोळ्यांनी बघून. तुझ्या बाबांनाही तुझा खेळ आधी बघू दे. दोन-तीन महिने प्रशिक्षकाच्या धनुष्यावर सराव कर, मग त्यांच्याकडं पैशाचा विषय काढ.

ऑर्डर आज रद्द कर. रविवारी सकाळी आईला टेप धरायला लावून हातांचं माप घे, खुर्चीवर बसून प्रशिक्षकाचं कमी पौंडाचं धनुष्य ओढून बघ, आणि दोन्ही आकडे मला कळव. बाणांचा तक्ता आपण दोघं मिळून बघू.