‘टॉवेल’ एकाच पद्धतीने नोंदला जावा म्हणून

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याचा साठा मी पोस्टग्रेसमध्ये घेतला, त्या पहिल्याच महिनाअखेरीला हिशेब जुळेना. गोदामात माल होता, नोंदीही होत्या, पण टॉवेलची बेरीज कमी भरत होती. मुनीमजींनी रोज इमानाने केलेलं काम खोटं ठरत होतं, याचं मला फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हतीच. रकान्यात काय चालेल आणि काय नाही, हे तक्त्याला मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून हे काम मी ज्या क्रमाने करतो, तो असा. (आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या. रकान्यांची नावं मात्र मराठीत चालतात.)

आधी बॅकअप घ्या. मग रकान्यात आज काय काय आहे ते मोजा:

सिलेक्ट माल, लेंग्थ(माल), काउंट(*) फ्रॉम साठा ग्रुप बाय माल, लेंग्थ(माल);

आमच्याकडे टॉवेल, टॉवल, टावेल, टेरी टॉवेल आणि पुन्हा एक ‘टॉवेल’ निघाला. पहिला आणि शेवटचा डोळ्यांना अगदी सारखे. पण लांबी एकाची 5, दुसऱ्याची 6! एकात ‘ॉ’ हे एकच चिन्ह होतं. दुसऱ्यात कुणाच्या तरी कीबोर्डवरून काना वेगळा आणि वरचा चंद्र वेगळा पडला होता. कित्येक फाँटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने लांबीचा हा रकाना कधीही गाळू नये.

आता यादी घेऊन मुनीमजींसमोर बसा. नियम तिथे ठरतात. ‘नग शून्यापेक्षा जास्तच हवेत’ असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. ते म्हणाले, “अहो, परत आलेला माल आम्ही उणे लिहितो की!” म्हणून ‘व्यवहार’ हा रकाना वाढवला: आवक, जावक, परत. जुन्या उणे नोंदी ‘परत’ करून नग अधिक केले, मग नियम घातला. अशक्य असेल तेच अडवायचं. नुसतं क्वचित घडणारं अडवायचं नाही. नगांवर 500 ची मर्यादा घालाल, तर दिवाळीची पहिली मोठी ऑर्डर त्यावर आपटेल.

मालाच्या नावांसाठी वेगळा तक्ता करा. चादर, टेरी टॉवेल, नॅपकिन आज आहेत. उद्या वॉल हँगिंग सुरू होईल, तेव्हा एक ओळ वाढवली की झालं. नाव बदललं तरी कोड तोच राहतो. सोलापूर विद्यापीठाचं नाव 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. ज्याच्या तक्त्यात कोड होता, त्याला एकच ओळ बदलायची होती.

क्रिएट टेबल माल (कोड टेक्स्ट प्रायमरी की, नाव टेक्स्ट नॉट नल युनिक);

या तक्त्यात कोड आणि नावं भरा, साठ्यात ‘माल_कोड’ रकाना वाढवा, जुनी पाचही रूपं अपडेटने योग्य कोडवर आणा, मग बांधा:

ऑल्टर टेबल साठा ॲड कन्स्ट्रेंट ओळखीचाच_माल फॉरेन की (माल_कोड) रेफरन्सेस माल (कोड);

सहसा न बदलणाऱ्या छोट्या यादीला, जसं की मालाच्या ‘प्रत’ रकान्याला, चेक पुरतो:

ऑल्टर टेबल साठा ॲड कन्स्ट्रेंट प्रत_फ्रेश_किंवा_सेकंड चेक (प्रत इन ('फ्रेश', 'सेकंड'));

ऑल्टर टेबल साठा ॲड कन्स्ट्रेंट नग_शून्याहून_जास्त चेक (नग > 0);

जुन्या नोंदी लगेच साफ होणार नसतील तर शेवटी ‘नॉट व्हॅलिड’ जोडा. नव्या नोंदी आजपासून तपासल्या जातात. सफाई झाली की ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवा.

रिकाम्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. नल असेल तर चेकचं उत्तर ‘माहीत नाही’ येतं आणि नोंद आत जाते. फॉरेन कीसुद्धा नलला अडवत नाही. म्हणून माल_कोड, प्रत आणि नग या तिन्ही रकान्यांना ‘नॉट नल’ वेगळं लावा. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती पाहा: 8.0.16 च्या आधी ते चेक वाचायचं आणि काही न बोलता सोडून द्यायचं.

फॉर्मवर निवडीची यादी आहे, मग हे कशाला, असं मला विचारतात. आमच्या चुकीच्या नोंदी फॉर्ममधून आल्याच नव्हत्या. एक्सेलची फाइल थेट तक्त्यात चढवली होती.

शेवटी ‘बिगिन’ करून मुद्दाम चुकीची नोंद घाला, ती नाकारली जाते का पाहा, मग ‘रोलबॅक’. हे प्रत्येक नियमासाठी एकेकदा करा. नियमांना लांबलचक मराठी नावं मी याचसाठी देतो, की नकाराच्या संदेशात तेच नाव दिसतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. “‘नग शून्याहून जास्त’ असं काहीतरी लाल अक्षरांत आलंय,” मुनीमजी म्हणाले, आणि मी काही सांगायच्या आतच, “थांबा, नगांच्या जागी शून्यच राहिलंय.”