जुन्या पायावर नवे इंजिन : डिझेलची टाकी कशी बसवावी

विहिरीवरील जुने इंजिन निकामी झाले म्हणजे त्याच पायावर नवे इंजिन बसविले जाते. अशा वेळी इंजिन, पट्टा व पंप यांकडे पुरेसे लक्ष दिले जाते; डिझेलची टाकी मात्र पुष्कळदा जुनीच, होती त्याच जागी राहते. पुढे ऐन उन्हाळ्यात पिकाला पाण्याची पाळी द्यावयाची असता इंजिन बंद पडते आणि दोष नव्या इंजिनाला दिला जातो. वास्तविक तो दोष टाकीचा असू शकतो.

टाकीचे महत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून अतिशय तप्त करावयाची व तीत इंधनाचा फवारा सोडावयाचा, हे त्याचे तत्त्व होय. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली याच तत्त्वावर चालले. फवाऱ्यासाठी दाब देणाऱ्या इंधन पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच असते आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून डिझेलबरोबर पाणी वा धूळ गेल्यास हे भाग गंजतात व झिजतात.

टाकीची निवड

पाच अश्वशक्तीच्या इंजिनास पूर्ण भारावर ताशी सुमारे सव्वा लिटर डिझेल लागते. आठ तासांच्या पाळीस दहा लिटर होतात. यास्तव टाकी निदान बारा लिटरची असावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. डिझेलशी जस्ताचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो गाळणीत अडकतो. जुनी टाकी आतून गंजली असल्यास ती टाकून द्यावी. गळक्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही इंधनाची वाफ असते व तिचा स्फोट होऊन प्राणहानी होऊ शकते.

जागा व जोडणी

१. डिझेल आपल्या वजनानेच खाली येणार असेल, तर टाकीचा तळ इंधन पंपाहून उंच ठेवावा. उत्पादकाने पुस्तिकेत उंची दिली असल्यास तीच पाळावी.

२. टाकी धुराड्याच्या वर किंवा लगत नसावी.

३. टाकी भक्कम चौकटीवर बसवावी. चौकट इंजिनापासून वेगळी असल्यास मधे डिझेलला टिकणारी लवचीक नळी घालावी. नाहीतर हादऱ्यांनी सांधे सुटतात.

४. इंजिनाकडे जाणारे तोंड तळापासून सुमारे एक इंच वर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. ते काढण्यासाठी सर्वांत खोल जागी निराळी चावी बसवावी.

५. नळीला सतत उतार द्यावा. मधे कमान राहिल्यास तेथे हवा अडकते.

६. झाकणाचे बारीक छिद्र मोकळे असावे. ते बुजल्यास टाकी भरलेली असूनही डिझेल उतरत नाही.

हवा काढणे

टाकी भरल्यावर प्रथम गाळणीवरील व नंतर इंधन पंपावरील हवेचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की तो घट्ट करावा.

नित्याची निगा

पिंपातील डिझेल एक दिवस स्थिर राहू द्यावे व तळचा भाग न हलविता गाळून घ्यावे. काम संपताच सायंकाळी टाकी भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली म्हणजे आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते. आठवड्यातून एकदा, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तळची चावी उघडून पाणी व गाळ काढावा.

नवे इंजिन बसत असता ग्रामीण कार्यकर्त्यांनी या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. टाकीस लागणारा खर्च अल्प आहे. पाण्याची एक पाळी चुकल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.