शेवटच्या रांगेतली गाडी

जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मी एका छोट्या खासगी संघाचं टायर आणि इंधनाचं काम पाहतो. सुटणाऱ्या गाड्यांची यादी वर्षानुवर्षं भरलेली कशी राहते, हे तिथं जवळून कळलं.

१. मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर यादी बांधू नये. कंपनी येते ती जिंकायला. संचालक मंडळाचं मत फिरलं की निघून जाते. ग्रुप सी या सहनशक्ती शर्यतींच्या जुन्या वरच्या वर्गात साडेतीन लिटरची, फॉर्म्युला वनच्या धर्तीची इंजिनं आणली. खासगी संघांना ती झेपली नाहीत. १९९२ला फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जेमतेम २८ गाड्या सुटल्या आणि त्या वर्षाअखेरीस या गाड्यांची जागतिक मालिकाच बंद पडली. तरी शहाणपण टिकलं नाही. २०१६नंतर ऑडी गेली, २०१७नंतर पोर्शे. ल मांच्या वरच्या वर्गात तेव्हा टोयोटाशी झुंजणारी एकही मोठी कंपनी उरली नाही.

२. गाडी विकत मिळाली पाहिजे, आणि पुढे विकताही आली पाहिजे. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेला, २००६पासूनचा जीटी३ वर्ग टिकला तो यामुळेच. कंपनी तयार गाडी विकते, सुटे भाग शर्यतीच्या जागी ट्रकमधून देते. चार हंगाम वापरलेल्या गाडीला गिऱ्हाईक असतं, कारण ती पुढच्या वर्षीही कुठेतरी धावू शकते. नियम घाईनं बदलले की संघमालकाचं भांडवल भंगारात जातं.

३. वजन आणि ताकद कमी-जास्त करून गाड्या एका पातळीवर आणण्याची पद्धत मला मनापासून आवडत नाही. पण लागते. तिच्याशिवाय दरवर्षी एकच गाडी खपेल.

४. हौशी चालकाला मान द्या. बहुतेक छोट्या संघांची बिलं तोच भरतो. ल मांच्या जीटी३ वर्गात प्रत्येक गाडीत ब्राँझ, म्हणजे हौशी श्रेणीचा एक चालक सक्तीचा आहे. हा नियम मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो.

५. खालचे वर्ग कापू नका. आमच्या पंचवीस किलोमीटरच्या फेरीवर जीटी३च्या शेजारून साध्या छोट्या गाड्या पळतात. जुनी ओपेल मांटा आली की प्रेक्षक उभे राहतात.

कुणी नवी शर्यत उभी करत असेल, तर एक विनंती : नियमांचा मसुदा छापण्याआधी शेवटच्या रांगेतल्या संघाचा हिशेब ठेवणाऱ्याला दाखवा.