घरच्या ऑर्किडांवरील किडी व पानांचे रोग

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात, आंब्याच्या किंवा मोहाच्या खोडाला चिकटलेली, पट्ट्यासारख्या जाड पानांची व लोंबत्या पांढऱ्या मुळांची एक वनस्पती आढळते. ती वांदा होय. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत तिला पिवळसर-तपकिरी, जाळीदार नक्षीची सुवासिक फुले येतात. शास्त्रज्ञ तिला ऑर्किड अथवा आमर कुळात घालतात. वांदा हे शास्त्रीय नावही मूळ संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून घेतलेले असून ते १८२० साली रीतसर प्रसिद्ध झाले. वादळाने मोडून पडलेल्या फांदीवरील असा वांदा घरी आणून परसात बांधणारे, तसेच बाजारातून रंगीत फुलांची संकरित ऑर्किडे विकत आणणारे हौशी लोक आता गावोगावी दिसू लागले आहेत. ही झाडे दगावतात ती बहुधा पहिल्या दोन पावसाळ्यांतच. त्यांची कारणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखे हजारो बीज असतात. परंतु त्यात अन्नाचा साठा नसल्याने, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते निसर्गात रुजते. रुजल्यानंतरही फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. घरचे झाड मेले की त्याच्या जागी दुसरे जंगलातून ओरबाडून आणण्याचा मोह होतो, आणि जंगलातील तूट सहजी भरून येत नाही. म्हणून घरचे एक झाड जगविणे म्हणजे जंगलातील एक झाड वाचविणे होय.

वांदा म्हणजे बांडगूळ नव्हे

पुष्कळ शेतकरी वांद्यास बांडगूळ समजून तोडून टाकतात. हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या लाकडात घुसवून त्याचा रस शोषते. वांद्याची मुळे सालीवर केवळ चिकटलेली असतात. त्यांवरील पांढरे स्पंजासारखे आवरण पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते. मूळ उचलून पाहावे. ते सालीवरून सुटून आले व आत शिरलेले नसले, तर ते ऑर्किड होय. त्यापासून आंब्यास अपाय नाही.

रोगाचे मूळ आपल्या हवामानात

या भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो, आणि जूनच्या मध्यानंतर एकाएकी संततधार सुरू होते. उन्हाने होरपळलेले पान दुबळे होते व त्यावर पावसाळ्यात बुरशीचा आणि जंतूंचा शिरकाव सुलभ होतो. जंगलात झाड उंच फांदीवर असते; वारा लागून त्याची पाने लवकर सुकतात. घरी आपण ते ओसरीच्या कडेला टांगतो आणि छपराच्या पागोळ्या नेमक्या त्याच्या शेंड्यात पडत राहतात. वांदा एकाच शेंड्याने वाढतो. तो कुजला की वाढ खुंटते, व बुडातून नवा फुटवा आला तरच झाड वाचते. म्हणून पहिला व सर्वांत मोठा उपाय औषधाचा नसून जागेचा आहे : पागोळ्यांपासून दूर, सकाळचे कोवळे ऊन व मोकळा वारा मिळेल अशी जागा निवडावी.

प्रथम रोग ओळखावा

पानावर डाग दिसताच औषधाकडे धाव घेऊ नये. डागाच्या कडेने शाईची बारीक रेघ ओढावी व तीन दिवस थांबावे. त्यातही पाणचट, दुर्गंधी येणारा डाग असेल तर मात्र थांबू नये. निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढावेत :

१. डाग रेघेच्या बाहेर गेला नाही, तो कोरडा व फिकट असून पानाच्या उन्हाकडील अंगास आहे : हा उन्हाचा चटका समजावा. औषध नको, सावली करावी. पान कापू नये, कारण उरलेला हिरवा भाग झाडास अन्न पुरवितो.

२. डाग पाणचट, मऊ, दुर्गंधी येणारा व एक-दोन दिवसांत पसरणारा आहे : ही जंतूंमुळे होणारी कूज होय.

३. काळा डाग बुडाकडून किंवा शेंड्यातून वाढतो व पाने ओढताच निघून येतात : ही काळी कूज होय. पानमळ्यात वेल मरण्याचा जो रोग येतो, त्याच गटातील बुरशी येथे कारणीभूत असते.

४. तपकिरी, किंचित खोलगट व वर्तुळांनी वेढलेले डाग पानाच्या टोकाकडून येतात : हा करपा होय. तो बहुधा आधीच दुबळ्या झालेल्या पानावर येतो.

५. पानावर पिवळ्या-काळ्या तुटक रेषा किंवा ठिपक्यांची नक्षी उमटते व नव्या पानांवरही तीच दिसते : विषाणूची शंका घ्यावी. यावर औषध नाही. असे झाड तत्काळ वेगळे काढावे व खात्री होताच जाळून टाकावे.

किडी व त्यांचा बंदोबस्त

खवले कीड ही तपकिरी वा पांढऱ्या खपल्यांसारखी पानाच्या खालच्या बाजूस व पानांच्या बेचक्यात बसून रस शोषते. पिठ्या ढेकूण कापसासारख्या पुंजक्यांनी ओळखता येतो. झाडावर मुंग्यांची ये-जा वाढली तर या किडी शोधाव्यात, कारण त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांचे रक्षण करतात. म्हणून मुंग्यांची वाट आधी तोडावी. टांगलेल्या झाडाच्या तारेस चिकट ग्रीस लावल्यास हे काम होते. किडी थोड्या असताना जुन्या मऊ दातघासणीने अथवा स्पिरिटात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढाव्यात. आठवड्याच्या अंतराने तीनदा तपासणी करावी, कारण अंड्यांतून नवी पिले निघत राहतात.

उन्हाळ्यात पानाची खालची बाजू रुपेरी अथवा भुरकट झाली, तर कोळी समजावा. कोळी हा कीटक नसल्याने सामान्य कीटकनाशकाने तो मरत नाही. उलट त्यास खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास त्याचे प्रमाण पुष्कळ घटते. पावसाळ्यात गोगलगाई मुळांची कोवळी टोके खातात. सायंकाळी ओले गोणपाट जवळ पसरावे व पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे पाणी झाडावर सांडू देऊ नये.

घरगुती फवारा : निंबोळ्यांचे ५० ग्रॅम सुके दाणे कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी वस्त्रगाळ करून एकूण १ लिटर द्रावण करावे व त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे. हा ५ टक्के निंबोळी अर्क होय. तो प्रथम एकाच पानावर वापरून दोन-तीन दिवस पाहावे. अपाय न दिसल्यास सायंकाळी सर्व झाडावर फवारावा.

पानांच्या रोगांवर उपाय

कूज दिसताच झाड इतरांपासून वेगळे करून कोरड्या, हवेशीर जागी टांगावे व पाणी देणे थांबवावे. धारदार पाते विस्तवात लाल होईपर्यंत तापवून थंड करावे. त्याने रोगट भाग निरोगी भागाच्या बोटभर आतून कापावा. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा तापवावे, अन्यथा पात्याबरोबर रोगही एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पानावरील जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ती मुळांस लावू नये, कारण तिने मुळे सुकतात.

काळ्या कुजीच्या प्रतिबंधासाठी पानमळेवाल्यांच्या परिचयाचे १ टक्का बोर्डो मिश्रण वांद्यावर उपयोगी पडते. १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना अर्ध्या लिटर पाण्यात, मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवावेत. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. मिश्रणात लोखंडी पाते क्षणभर बुडविल्यावर त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना मिसळावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. डेंड्रोबियमसारख्या काही ऑर्किडांना तांब्याची औषधे सोसत नाहीत. त्यांवर ती वापरू नयेत.

शेतातील उरलेले औषध घरात नको

कपाशीच्या किंवा धानाच्या फवारणीतून उरलेली बाटली घरच्या झाडांसाठी वापरणे हा जिवाशी खेळ आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. ते उघड्या शेतात घडले; ओसरीवर तर मुले, गुरे व पिण्याचे पाणी हाताच्या अंतरावर असते. फोरेट, डायक्लोरव्हॉस व ट्रायझोफॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. त्यांचा जुना साठा कोणत्याही कारणाने उघडू नये. विषबाधेचा संशय आल्यास दूषित कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आपल्या मनाने उलटी करवू नये आणि औषधाच्या वेष्टनासह रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे.

वर्षभराची काळजी

उन्हाळ्यात पहाटे पाणी द्यावे व दुपारी सावली ठेवावी. मृगापूर्वी सर्व पानांची खालची बाजू तपासावी, सडलेला नारळाचा काथ्या काढून टाकावा आणि झाडांत वीतभर अंतर ठेवावे. पावसाळ्यात झाड किंचित तिरपे टांगावे, म्हणजे शेंड्यात पाणी साचत नाही. संध्याकाळी पाणी कधीही देऊ नये. नवे आणलेले झाड एक महिना वेगळे ठेवावे. बहुतेक किडी नव्या झाडाबरोबरच घरात येतात.

ताडोबा, चपराळा, भामरागड यांसारख्या संरक्षित वनांतून परवानगीवाचून झाडे काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत समजावून सांगावी. रोगाचे निदान होत नसेल, तर रोगट पान कागदात गुंडाळून सिंदेवाही किंवा सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यास वाटेतच कुजते व निदान अशक्य होते. औषध निवडण्याआधी रोग ओळखावा, आणि रोग येण्याआधी जागा सुधारावी. एवढे पाळले तर घरचा वांदा दर वर्षी फुलेल व जंगलातला जंगलात राहील.